‘दीडशे घोडे गॅरंटीने’ म्हणणाऱ्या गॅरेजला गाडी द्यावी का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात

कोथरूडला राहणाऱ्या एकोणतीस वर्षांच्या एका वाचक मैत्रिणीचं पत्र आहे. दोन वर्षांपूर्वी त्यांनी २०१५ सालची सेकंडहँड पोलो जीटी टीएसआय घेतली. आधीच्या मालकाने तिला जास्त हवा घेणारा एअर इंटेक आणि इंजिनाचा धूर बाहेर नेणारा मोठा डाउनपाइप बसवला होता. पुढे एका ओळखीच्या मुलाने सोसायटीच्या पार्किंगमध्ये लॅपटॉप जोडून अर्ध्या तासात रिमॅप करून दिला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधली सेटिंग्ज (मॅप) बदलून दिली. सुरुवातीला पिकअप भन्नाट वाटला. आता ताम्हिणीचा चढ चढताना तिसऱ्या-चौथ्या गिअरला झटके बसतात, चेक इंजिनचा दिवा मधूनच लागतो आणि आपोआप जातो. मित्रमंडळींचा सल्ला एकच: ‘डायनोवर (गाडीची ताकद मोजणाऱ्या रोलरच्या मशीनवर) नेऊन नीट ट्यून करून घे.’ चौकशीत तीन ठिकाणं निघाली. एक म्हणतो, अठरा हजारांत दीडशे घोडे (हॉर्सपॉवर) गॅरंटीने. दुसरा पस्तीस हजार सांगतो, आणि तेही आधी गाडी तपासून मगच. तिसरा मुंबईला बोलावतो. सोबत भाऊ असला की गॅरेजवाले त्याच्याशीच बोलतात, हीसुद्धा त्यांची खंत आहे. शेवटी त्या विचारतात, ‘पुण्यात डोळे झाकून विश्वास ठेवता येईल असं एक नाव सांगाल का?’

नमस्कार,

नाव सांगणार नाही, आणि का ते आधी सांगते. गॅरेज पाटीवर चालत नाही, आतल्या एका-दोन माणसांवर चालतं. ट्यूनिंगच्या धंद्यात तर हे फारच खरं आहे. लॅपटॉपवर बसणारा जाणकार मुलगा दुसरीकडे गेला, की त्याच पाटीखाली वेगळ्याच दर्जाचं काम सुरू होतं. आज मी दिलेलं नाव सहा महिन्यांनी तुम्हाला गोत्यात आणू शकतं. शिवाय या कामात डोळे झाकायची गरजच नसते. इंजिन काय करतंय, बूस्ट (टर्बोने इंजिनात दाबून भरलेल्या हवेचा दाब) किती आला, स्पार्क कुठे मागे गेला, म्हणजे ठिणगी कुठे उशिरा पडली, सगळं आकड्यांत उतरतं आणि साठवून ठेवता येतं. म्हणून मी तुमच्या जागी असते तर ‘कुणावर विश्वास ठेवू’ यापेक्षा ‘कुणाचं काम मला तपासता येईल’ हे शोधलं असतं. ज्याचं काम तपासता येतं आणि जो आनंदाने तपासू देतो, त्याच्यावर विश्वास आपोआप बसतो.

पण गॅरेज शोधण्याआधी तुमच्या गाडीबद्दल बोलू या. गाडीला ट्यूनिंग हवंय हे तुम्ही धरूनच चालला आहात. पत्रातली लक्षणं वाचून मला तसं वाटत नाही. चढावर, जोर दिल्यावर झटके आणि येऊन-जाऊन लागणारा दिवा ही आधी बिघाडाची लक्षणं आहेत. बूस्ट वाढवला की सिलिंडरमधला दाब वाढतो, आणि त्या दाबात प्लगच्या फटीतून ठिणगी उडणं अवघड होतं. कंपनीच्या मॅपवर कसंबसं निभावणारा जुना प्लग किंवा थकलेली इग्निशन कॉइल रिमॅपनंतर अशी उघडी पडते. सपाट रस्त्यावर गाडी छान पळते आणि घाटात मिसफायर होतो, म्हणजे पेट्रोल नीट पेटत नाही. कुठेतरी बूस्टचा पाइप सैल असेल, तरी गाडी अशीच वागते. आणि दिवा विझला म्हणून गोष्ट मिटत नाही. ईसीयूमध्ये, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये, बिघाडाचा कोड नोंदलेला राहतो. चांगला स्कॅनर लावणारा कुणीही तो दहा मिनिटांत वाचून देईल, त्यासाठी डायनो लागत नाही.

दुसरी शंका गिअरबॉक्सची. तुमच्या गाडीत सात गिअरचा ड्राय क्लचवाला डीएसजी हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे, डीक्यू-२०० नावाचा. तो २५० न्यूटन-मीटरपर्यंतच्या टॉर्कसाठी (फिरवण्याच्या जोरासाठी) बनवलेला आहे, आणि तुमच्या इंजिनाचा कंपनीचा टॉर्क १७५ आहे. मधे जागा आहे, पण ती नव्या क्लचची जागा आहे, दहा वर्षं सिग्नलला पुढे-मागे सरकत राहिलेल्या क्लचची नाही. पुढच्या वेळी चढावर एवढंच बघा: झटक्याच्या वेळी आरपीएमचा काटा वर जातो आणि वेग तिथेच राहतो का? तसं होत असेल तर क्लच घसरतोय, आणि कितीही चांगल्या ट्यूनरने कितीही चांगला मॅप टाकला तरी ते बरं होणार नाही. उलट टॉर्क वाढला तर लवकर संपेल. काटा जागेवरच थरथरत असेल आणि गाडी अडखळत असेल, तर संशय प्लग, कॉइल, बूस्टची गळती आणि त्या पार्किंगमधल्या मॅपवर.

म्हणूनच पस्तीस हजारवाला ‘आधी तपासतो’ म्हणाला ते मला आवडलं. तो चांगलाच असेल असं नाही, पण निदान सुरुवात योग्य ठिकाणाहून करतोय. गाडी न बघता दीडशेची गॅरंटी देणारा माणूस तुमच्या गाडीबद्दल बोलत नाहीये, तुमच्या इच्छेबद्दल बोलतोय.

आता डायनो. डायनो म्हणजे ट्यूनिंग, अशी समजूत पक्की बसलेली दिसते. डायनो फक्त मोजतो. रक्ततपासणीचा रिपोर्ट आणि औषध यांत जेवढा फरक, तेवढाच डायनोच्या ग्राफमध्ये आणि ट्यूनिंगमध्ये. गाडीची पुढची चाकं रोलरवर ठेवतात, चारी बाजूंनी पट्ट्यांनी ती जखडतात, समोर मोठा पंखा लावतात, गिअर एकाच जागी धरून पूर्ण थ्रॉटल देतात आणि दहा-पंधरा सेकंदांत एक रन होतो. रोलर किती झपाट्याने फिरला किंवा त्याला धरून ठेवायला किती जोर लागला, यावरून टॉर्क निघतो आणि टॉर्कवरून ताकद. मॅपमध्ये काय बदलायचं हे त्यानंतर माणूस ठरवतो.

रोलरही दोन प्रकारचे असतात. काही नुसते जड असतात, तुमचं इंजिन ते फिरवतं आणि वेगवाढीवरून हिशेब होतो. पूर्ण थ्रॉटलचा ग्राफ त्यावर ठीक येतो. दुसऱ्या प्रकारात ब्रेक असतो, त्यामुळे गाडी समजा अडीच हजार आरपीएमला अर्ध्या थ्रॉटलवर हवी तितका वेळ धरून ठेवता येते. तुमचे झटके चढावर, मध्यम आरपीएमला येतात. ते बघायला हा दुसरा प्रकार हवा. फोनवर पहिला प्रश्न हाच विचारा: तुमचा डायनो गाडी एका आरपीएमवर लोडखाली धरून ठेवू शकतो का? जाणकार माणूस लगेच सरळ उत्तर देईल. ‘मॅडम, इंपोर्टेड मशीन आहे’ हे या प्रश्नाचं उत्तर नाही.

आता त्या दीडशे घोड्यांकडे येते. इथे सगळ्यात जास्त फसवणूक होते, आणि पुण्यात ती सोपी आहे. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचावर आहे, त्यामुळे इथे हवेचा दाब मुंबईपेक्षा सहा-साडेसहा टक्क्यांनी कमी असतो. वेगवेगळ्या गावांतले, वेगवेगळ्या ऋतूंतले ग्राफ ताडून बघता यावेत म्हणून डायनोचं सॉफ्टवेअर दाब आणि तापमान धरून आकडा सुधारतं. त्याला करेक्शन फॅक्टर म्हणतात. साध्या, बिनटर्बोच्या इंजिनासाठी ते योग्य आहे. टर्बोचं इंजिन मात्र हवा पातळ असली तरी टर्बो जास्त फिरवून बरीचशी कसर स्वतःच भरून काढतं. त्याच्या आकड्याला पुन्हा पूर्ण करेक्शन लावलं, तर ताकद कागदावरच वाढते. एप्रिलच्या दुपारी अडतीस अंश तापमानात पुण्याच्या दाबावर एसएई नावाच्या पद्धतीचा हिशेब केला तर हा वाढावा जवळपास दहा टक्के निघतो. एसटीडी नावाची जुनी पद्धत निवडली तर आणखी चारेक टक्के. म्हणजे रोलरवर १२० मोजले गेले आणि कागदावर १३२ किंवा १३७ छापून आले, तरी सॉफ्टवेअरमध्ये कुणी काही खोटं लिहिलेलं नसतं. फक्त तुम्हाला सांगितलेलं नसतं.

याच्यावर आणखी एक थर असतो. रोलर चाकांवरची ताकद मोजतो. गिअरबॉक्स, शाफ्ट आणि टायर यांत जी वाया जाते, ती अंदाजाने परत मिळवून ‘इंजिनाची ताकद’ छापतात. हा अंदाज ट्यूनरच्या हातात असतो. म्हणून ग्राफ मागताना करेक्शन न लावलेला, चाकांवरचा ग्राफ मागा, आणि तोच मागा. गाडी गेली त्याच दिवशी, काम सुरू व्हायच्या आधी एक आणि काम झाल्यावर एक, त्याच डायनोवर, त्याच गिअरमध्ये. या दोहोंतला फरक तेवढा तुमचा. बाकी कुणाच्या पोलोने कुठे किती दाखवले, ते सोडून द्या.

एक हिशेब मात्र तुम्ही स्वतः मोबाइलवर करू शकता. न्यूटन-मीटरमधला टॉर्क गुणिले आरपीएम, भागिले ७,०२४, की पीएसमध्ये, म्हणजे घोड्यांत, ताकद येते. तुमच्या गाडीला ५,००० आरपीएमला १०५ पीएस असं कंपनी सांगते. म्हणजे त्या जागी टॉर्क साधारण १४८ असणार. आता कुणी ५,००० आरपीएमला १५० पीएस दाखवले, तर त्याच ग्राफवर, त्याच ठिकाणी टॉर्कची रेघ २११च्या आसपास असलीच पाहिजे. ती १८०वर असेल तर ताकद १२८ झाली, दीडशे नाही. दोन्ही रेघा एकमेकींशी जुळत नसतील तर कुठेतरी पाणी मुरतंय. आणि ज्या कागदावर टॉर्कची रेघच नाही, आरपीएमऐवजी नुसता ताशी वेग आहे, तो कागद परत करा आणि पूर्ण ग्राफ मागा.

ग्राफपेक्षाही मला लॉग, म्हणजे रन चालू असताना ईसीयूतून काढलेली आकड्यांची नोंद, महत्त्वाचा वाटतो. ग्राफ सांगतो ताकद किती आली, लॉग सांगतो ती कशाच्या जिवावर आली. प्रत्येक रनबरोबर मागितलेला बूस्ट आणि मिळालेला बूस्ट, इंजिनात शिरणाऱ्या हवेचं तापमान, हवा-पेट्रोलचं प्रमाण, पेट्रोलचा दाब आणि प्रत्येक सिलिंडरचं टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) किती मागे ओढलं गेलं, हे सगळं नोंदवता येतं. यातलं शेवटचं नीट बघा. ठिणगीची ज्योत पोहोचण्याआधीच पेट्रोल आपोआप भडकू लागलं, म्हणजे नॉकिंग सुरू झालं, की ईसीयू टायमिंग मागे घेऊन इंजिन वाचवतो. एखाद-दुसरा अंश अधूनमधून मागे जाणं समजण्यासारखं आहे. पण प्रत्येक रनला चारही सिलिंडरचं टायमिंग सतत मागे ओढलं जात असेल, तर मॅप इंजिनाच्या ऐपतीबाहेरचा आहे. त्या दिवशी ग्राफवर आकडा छान येईल, आणि पुढच्या उन्हाळ्यात ताम्हिणीत त्याची किंमत पिस्टन मोजेल.

पार्किंगमधल्या मुलाने यातलं काही बघितलं असेल असं अर्ध्या तासाच्या कामावरून वाटत नाही. त्याच्यावर राग धरू नका. असे बरेच जण गाडीतली मूळ फाइल वाचतात, दुसऱ्या शहरातल्या किंवा परदेशातल्या कुणाला पाठवतात, आणि बदललेली फाइल आली की गाडीत भरतात. मोठ्या गॅरेजांतही हे चालतं. ते वाईटच असतं असंही नाही. फाइल बनवणारा चांगला असेल आणि इथला माणूस लॉग काढून त्याला परत पाठवत असेल, तर काम उत्तम होतं. पण फाइल कुणी बनवली, ती तुमच्या गाडीच्या लॉगवरून बदलली जाणार आहे का, हे तुम्हाला कळायला हवं. याबाबत ताकास तूर लागू न देणाऱ्या गॅरेजमध्ये पैसे देऊ नका.

आता तुमचे तीन पर्याय. अठरा हजारवाला मी सोडून देईन. पैसे कमी आहेत म्हणून नव्हे, त्याने दिलेल्या गॅरंटीमुळे. आकड्याची गॅरंटी दिली की तो आकडा गाठण्यासाठी बूस्ट आणि टायमिंग रेटावं लागतं, नाहीतर सॉफ्टवेअरमधलं करेक्शन. दोन्हींत तुमचं नुकसान. गॅरंटी मागायचीच असेल तर वेगळी मागा: काम पटलं नाही तर मूळ मॅप फुकट परत टाकून देणार का?

मुंबईचा माणूस कदाचित तिघांत सगळ्यात हुशार असेलही. पण ट्यूनिंग एका खेपेत संपत नाही. हजार किलोमीटर चालवल्यावर पुन्हा लॉग काढावा लागतो, एखादी गोष्ट खटकली तर परत जावं लागतं, आणि दर वेळी एक्स्प्रेस-वेने जाऊन-येऊन सुटीचा दिवस घालवायचा, हे दुसऱ्या खेपेलाच जड होतं. हवेचाही मुद्दा आहे. समुद्रसपाटीवर जेमतेम आटोक्यात ठेवलेला बूस्ट पुण्यात गाठायला टर्बोला जास्त फिरावं लागतं, आणि महाबळेश्वरला, साडेतेराशे मीटरच्या आसपास, त्याहून जास्त. चांगला ट्यूनर त्याची मोकळीक मॅपमध्ये ठेवतो. मुंबईला जायचंच ठरलं, तर तुम्ही घाटात आणि उंचावर गाडी नेता हे त्याला आधी सांगा आणि तो त्यावर काय म्हणतो ते नीट ऐका.

राहिला दुसरा. त्याच्याकडे शनिवारी सकाळी जा, गाडी न देता. निम्म्या गोष्टी नुसतं उभं राहून कळतात. डायनोसमोरचा पंखा घरगुती टेबल फॅनच्या मोठ्या भावासारखा आहे की खरोखर वारा फेकतोय? जागेवर उभ्या गाडीला रस्त्यावरचं वारं मिळत नाही, आणि टर्बोची हवा थंड करणारा इंटरकूलर तापला की दुसऱ्या-तिसऱ्या रनला आकडे कोसळतात. सायलेन्सरचा धूर पाइपने बाहेर काढलाय की शटरच्या आत कोंडतोय? जखडायचे पट्टे उसवलेले आहेत का? आग विझवण्याचं सिलिंडर हाताशी आहे का? गाडी रोलरवर चढवण्याआधी टायरचं वय आणि हवा कुणी बघितली का? जुना टायर रोलरवर फुटण्याचा धोका खरा असतो. हे सगळं नीट करणारा माणूस मॅपही नीट करेल असं खात्रीने म्हणता येत नाही. पण हेही न करणाऱ्याकडे पुढचं काही विचारू नका.

मग त्याला विचारा की अलीकडे कुठली गाडी ट्यून न करताच परत पाठवली, आणि का. माझा अनुभव असा की चांगल्या माणसाकडे याचं उत्तर तयार असतं. सिलिंडरमधलं कॉम्प्रेशन (दाब) कमी निघालं म्हणून, व्हॉल्व्हवर कार्बन साचला होता म्हणून, गिऱ्हाइकाला धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून हवा होता म्हणून. येईल ती गाडी घेणाऱ्याकडे असं उत्तर नसतं. जुन्या गिऱ्हाइकांशी बोलायला मिळालं तर ‘गाडी कशी पळते’ हे विचारू नका, सगळे छानच म्हणतात. वर्षभरानंतर काय झालं आणि तक्रार घेऊन गेलात तेव्हा गॅरेजवाल्याने काय केलं, हे विचारा.

पुण्यात राहण्याचा एक मोठा फायदा तुम्ही वापरलेला नाही. तुमची पोलो चाकणला बनलेली आहे. १९६६पासून वाहनांच्या चाचण्या करणारी एआरएआय ही संस्था तुमच्या कोथरूडच्या टेकडीवर आहे. तिथल्या डायनोंवर कंपन्यांच्या गाड्या प्रमाणित होतात, आपल्या खासगी ट्यूनिंगसाठी ती जागा नाही. पण चाकण, आकुर्डी, भोसरी, हिंजवडी इथे इंजिन कॅलिब्रेशन करणारे, म्हणजे कंपनीचा मूळ मॅप ठरवणारे, इंजिनिअर शेकड्यांनी आहेत आणि त्यांतले कितीतरी कोथरूड-बावधनच्या सोसायट्यांत राहतात. तुमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज टाका. संध्याकाळी चहावर एखाद्या काकांसमोर लॉग ठेवलात, तर कुठे टायमिंग मागे गेलंय ते ते पाच मिनिटांत बोट ठेवून दाखवतील. इंजिनिअरिंग कॉलेजांतल्या ज्या मुलांनी स्पर्धेसाठी रेसिंग कार बनवली आहे, त्यांनाही लॉग वाचता येतो, आणि शहरात कोण खरं काम करतं हे त्यांना ठाऊक असतं. आणखी एक पडताळा म्हणजे ड्रॅग स्पर्धा, म्हणजे सरळ पट्टीवरची वेगाची शर्यत. अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर झालेल्या व्हॅली रनसारख्या स्पर्धांत ज्या गॅरेजच्या गाड्या उतरतात, त्यांची वेळ तिसराच कुणीतरी मोजतो. तिथे करेक्शन फॅक्टर चालत नाही.

पेट्रोलचं ठरवून टाका. नॉकिंग जास्त रोखणाऱ्या १०० ऑक्टेनच्या पेट्रोलवर बनवलेला मॅप आणि पौडच्या पंपावर भरलेलं साधं पेट्रोल, ही जोडी धोक्याची आहे. आता साध्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं. इथेनॉलमुळे नॉकिंगला आळा बसतो, पण तेवढ्याच हवेला इंधन जास्त लागतं, म्हणजे इंजेक्टर आणि पंपावर भार वाढतो. तुम्ही वर्षभर जे पेट्रोल खरोखर भरता, तेच टाकीत ठेवून डायनोवर जा आणि ‘मॅप यावरच करा’ असं सांगा. पाच-सात घोडे कमी मिळतील. मिळू देत.

कायद्याचं सांगणं आवडणार नाही, पण टाळता येत नाही. कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनशी विसंगत बदल गाडीत करता येत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये स्पष्ट केलं. त्याच वर्षी दुरुस्त झालेल्या मोटार वाहन कायद्याच्या १८२अ कलमात मालकाला प्रत्येक बेकायदा बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. आधीच्या मालकाने बसवलेला डाउनपाइप आता तुमच्या नावावर आहे. त्यात कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आहे का, हे आधी बघा. नसेल तर मूळ डाउनपाइप परत बसवा. कन्व्हर्टर नसलेल्या गाडीचा धूर शहरातल्या सगळ्यांच्या छातीत जातो, आणि यावर माझी भूमिका लवचीक नाही. विमा कंपनीला बदल कळवलेले नसतील तर अपघाताच्या वेळी दावा अडकू शकतो, तेही ट्यूनिंगवर पैसे घालण्याआधी एजंटशी बोलून घ्या. आणि ज्या वाचकांची गाडी अजून वॉरंटीत आहे, त्यांनी माझं ऐकाल तर ईसीयूला हात लावू नये. फोक्सवॅगन-स्कोडाच्या यंत्रणेत बदललेलं सॉफ्टवेअर सापडलं की गाडीच्या नोंदीवर ‘टीडी१’ असा शेरा बसतो, आणि मग इंजिन-गिअरबॉक्सच्या वॉरंटीसाठी भांडत बसावं लागतं.

भावाबद्दल. तुम्ही प्रश्न विचारता आणि उत्तर त्याला मिळतं, हे मी अनेक गॅरेजांत उभी राहून बघितलंय आणि त्याचा त्रास होतो. त्याला सोबत न्यावंसं वाटलं तर न्या, पण आधी सांगून ठेवा की त्याने बोलायचं नाही, कुणी त्याच्याकडे बघून बोललं तर ‘गाडी ताईची आहे’ एवढंच म्हणायचं. जॉबकार्ड तुमच्या नावाने, एस्टिमेट तुमच्या व्हॉट्सॲपवर. एवढं करूनही जो तुमच्याशी बोलत नाही, तो उद्या तुमची तक्रारही ऐकणार नाही. त्याचं नाव यादीतून काढायला हे कारण पुरेसं आहे.

आणि एक चौथा पर्याय, जो तुमच्या पत्रात नाही: गाडी मूळ मॅपवर परत नेणं. त्या मुलाला फोन करून मूळ फाइल मागा. त्याने जपून ठेवली नसेल तर अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये कंपनीचं सॉफ्टवेअर पुन्हा टाकता येईल का ते विचारा. मूळ मॅपवर पंधरा दिवस चालवा, एकदा ताम्हिणीला जाऊन या. झटके गेले तर दोष मॅपचा होता किंवा मॅपने उघड्या पाडलेल्या एखाद्या सुट्या भागाचा. तरीही राहिले तर यांत्रिक बिघाड आहे, आणि पस्तीस हजार आधी तिकडे लागतील. मूळ मॅपवरची ही गाडी, नवे प्लग आणि स्वच्छ बूस्ट पाइप घेऊन, १७५ न्यूटन-मीटर दीड हजार आरपीएमपासून देते. कदाचित तुम्हाला आवडलेली पोलो तीच असेल. ते पंधरा दिवस चालवल्यावरच कळेल.

तर या महिन्यात स्कॅनर लावून कोड वाचून घ्या आणि त्याचा फोटो काढून ठेवा. प्लग, कॉइल आणि बूस्टची गळती तपासा, क्लचसाठी आरपीएमचा काटा बघा, डाउनपाइप बघा, मग मूळ मॅप. त्यानंतरही आणखी ताकद हवीशी वाटली, तर त्या दुसऱ्या गॅरेजला शनिवारी भेट द्या. काम ठरलं तर अर्धे पैसे आधी आणि अर्धे कामानंतर, जीएसटीचं पक्कं बिल, आणि एका पेन ड्राइव्हवर मूळ फाइल, आधीचा आणि नंतरचा ग्राफ, सगळे लॉग. हे देणार का, असं फोनवरच विचारा. ‘देतो की, त्यात काय’ असं उत्तर आलं, तरच डायनोची तारीख घ्या.